चंदनाच्या ऑपरेशनची तारीख मीच घेतली होती

मी एका जागी बसणारी बाई नाही. लोणंदला माहेरी होते तेव्हा आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. सासरी आल्यावर बस म्हणणारं कुणी नव्हतंच. मिरज आणि कवठे महांकाळच्या मध्ये आमचं गाव. चार एकर द्राक्षबाग, घरात सासूबाई, नवरा आणि बावीस वर्षांची मुलगी चंदना. पहाटे उठले की अंथरुणाला पाठ लागेपर्यंत माझी धावाधाव. अशा बाईला साडेतीन महिने आडवं पडून राहावं लागलं, आणि त्यातला महिनाभर तर बोटसुद्धा हलवता आलं नाही. आजाराचं नाव जीबीएस. अंगातल्या नसाच काम करायचं सोडतात. पायापासून सुरू होतं आणि वर चढत जातं.

औषधपाण्याचं मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. ज्यांचं माणूस आयसीयूत आहे आणि ज्यांच्या घरात चंदनासारखं लेकरू आहे, अशा दोघांसाठी मी हे लिहितेय. माझ्या घरात या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, त्यामुळं मला त्या वेगळ्या काढून सांगता येत नाहीत. यात माझी लाज आहे. ती झाकायची असती तर लिहायला बसलेच नसते.

चंदना

चंदना जन्मली तेव्हा रडली नाही. रडायला जो वेळ लागला त्यात तिच्या डोक्याला हवा कमी पडली, असं डॉक्टरांनी सांगितलं. बुद्धी लहान मुलासारखी राहील म्हणाले. लहान म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. सांगलीच्या विशेष मुलांच्या शाळेत ती आठ वर्षं गेली. बोलते थोडंच, पण नेमकं बोलते. बेदाणे निवडायला बसली की गावातल्या बायका तिच्या हाताखाली येतील. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा, एक दाणा इकडचा तिकडं होणार नाही. हट्टी आहे. कुणावर गेली ते सांगायला नको.

तेराव्या वर्षी तिला पाळी आली. आमच्या जैन घरात पाळीच्या दिवसांत बाईनं बाजूला बसायचं असतं. चटई वेगळी, ताट-तांब्या वेगळा, स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. मी स्वतः लग्नापासून हे पाळत आले. पण चंदना पाळेना. चटईवर बसवली की पाच मिनिटांत उठून चुलीपाशी हजर. सासूबाई ओरडायच्या, मी तिला दंडाला धरून मागं न्यायची, ती पुन्हा यायची. असं दर महिन्याला, नऊ वर्षं चाललं. कपडे, चादरी, धुणं सगळं माझ्यावर. हे सगळं का करायचं, रक्त का येतं, हे मी तिला एकदाही बसून सांगितलं नाही. तिला कळणार नाही हे मी धरूनच चालले होते.

मग मागच्या चातुर्मासात आमच्या गावात मुनी महाराज होते. आमचे महाराज दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, ओंजळीत. त्यासाठी घरात शुद्धीचा स्वयंपाक करायचा आणि दारात उभं राहून त्यांना बोलवायचं. ते कुठल्या दारात थांबतील ते आधी कुणालाच माहीत नसतं. जेवताना काही विघ्न आलं, रक्त दिसलं, तर ते तिथंच ओंजळ सोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहतात. त्याला अंतराय म्हणतात. अकरा दिवस आम्ही दारात उभे होतो. बाराव्या दिवशी महाराज आमच्याकडं थांबले. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. दोन घास झाले असतील नसतील, चंदना मागच्या दारानं आत आली. महाराज बघायला मिळाले म्हणून हसत होती, आणि तिचा पांढरा परकर मागून माखला होता.

महाराजांनी ओंजळ सोडली. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत. जाताना तिच्याकडं बघून आशीर्वादाचा हात केला आणि निघून गेले. जे बोललो ते आम्हीच. सासूबाई देवघरापुढं डोकं आपटायला लागल्या. गल्ली गोळा झाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी चंदनाला न्हाणीघरात नेऊन बडवली. पुसट नाही सांगत, बडवली.

त्याच आठवड्यात मी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडं गेले आणि म्हणाले, हिची पिशवी काढून टाका. नवरा माझ्याबरोबर होता, पण बोलले मी. डॉक्टर म्हणाले, अशा मुलींची बरेच लोक काढतात, तुम्ही दोघं सह्या करा. चंदना तिथंच स्टुलावर बसून बिस्किट खात होती. मी म्हणाले, "तिला तरी कुठं कळतंय? उगीच दर महिन्याची कटकट." दिवाळीनंतरची सोमवारची तारीख मिळाली. मी ती घरी येऊन कॅलेंडरवर गोल करून ठेवली. त्या रात्री मला गाढ झोप लागली, हेही सांगून टाकते.

पाय

दसऱ्याच्या आधी पोट बिघडलं. चार दिवसांत बरं झालं, मी विसरूनही गेले. मग तळपायाला मुंग्या यायला लागल्या. बागेत छाटणीची माणसं होती, चहा न्यायचा, भाकरी न्यायच्या, मुंग्यांकडं कोण बघतंय? एका सकाळी बांधावरून चालताना मागून गडी ओरडला की वहिनी, चप्पल मागं राहिली. पायातली चप्पल गेली आणि मला पत्ता नाही. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसले ती उठताच येईना. चंदनानं मला काखेत धरून उठवायला बघितलं आणि आम्ही दोघी पडलो. ती हसायला लागली. मलाही हसू आलं. पायात काहीच नव्हतं.

मिरजेला नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसरा हलला नाही. मग कोपरावर मारली. डॉक्टर माझ्याशी बोलले ते एवढंच, की मावशी श्वास घ्या, सोडा. बाकी सगळं त्यांनी पडद्याच्या पलीकडं माझ्या नवऱ्याला सांगितलं. पडदा म्हणजे कापड. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पॅरालिसिस वर सरकतोय, छातीपर्यंत आला तर मशीन लावावं लागेल, किती दिवस सांगता येत नाही, पेशंटला काही सांगू नका. नवरा आत आला आणि म्हणाला, "काय न्हाई, अशक्तपणा हाय." मी म्हणाले, मला सगळं ऐकू आलंय. तर ते म्हणाले, डोक्याला ताप करून घेऊ नगंस. इथंच माझं चिडणं सुरू झालं. आजार माझा, आणि मला सोडून सगळ्यांना त्याची खबर.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात गेले. संध्याकाळी बोलताना धाप लागली. शेवटचं काय बोलले ते आठवतंय, चंदाला दूध गरम करून द्या, ती गार पीत नाही. मग नळी घातली.

आडवी

पुढचं ज्यांनी भोगलं नाही त्यांना कसं सांगू? सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, नाकाच्या शेंड्याला खाज सुटते आणि हात उचलत नाही. खाज अंगभर पसरते. डोकं मात्र पळत असतं. बागेत औषध मारलं का, सासूबाईंची बीपीची गोळी कुणी दिली, चंदाच्या केसांत उवा झाल्या असतील. मी मनातल्या मनात घर झाडून काढायचे, भांडी घासायचे, पुन्हा झाडायचे. वेड लागायची पाळी आली होती. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, कायम तेच पांढरे दिवे. ड्युटी बदलली की वास बदलायचा, त्यावरून मी वेळ ओळखायची. सकाळच्या मामांच्या, म्हणजे वॉर्डबॉयच्या, अंगाला तंबाखूचा वास, दुपारच्या सिस्टरच्या अंगाला पावडरचा.

दहा-बारा दिवसांनी गळ्याला भोक पाडून तिथून नळी बसवली. आवाज नाहीच. पापण्या तेवढ्या माझ्या ताब्यात.

लोक येत होते आणि माझ्या अंगाचं काहीतरी करून जात होते. चादर ओढायचे, कूस बदलायचे, पाय फाकवून पुसायचे, तोंडात नळी घालून थुंकी ओढायचे. कुणी वाईट नव्हतं. कामं होती त्यांना, दहा पेशंट होते. पण माझ्या अंगावरून हात जाईपर्यंत मला कळायचंच नाही की आता काय होणार. मी दचकायची, पण दचकलेलं दिसायचं नाही.

एकच सिस्टर वेगळी होती, रेश्मा. औंधची पोर, नुकती लागलेली. ती आधी कॉटच्या समोर येऊन माझ्या डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "मावशी, डाव्या कुशीवर घेते, चालंल?" आणि थांबायची. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, असं तिनंच ठरवून दिलं होतं. एकदा मी मुद्दाम दोनदा मिटले, फक्त बघायला की ती काय करते. तर म्हणाली, बरं, दहा मिनिटांनी येते. आणि खरंच गेली. मला एवढं रडू आलं की मशीन वाजायला लागलं.

ते वाक्य

आयसीयूतच मला पाळी आली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, गळ्यात नळी, अंगात जीव नाही, आणि ही आली. आयाबाई आणि मामा चादर बदलायला आले होते. मामा म्हणजे परका पुरुष. त्यांनी मला एका कुशीवर केलं, आयाबाईंनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "आता ह्या वयात आणि कशाला ही कटकट? पिशवी काढून टाकलेली असती तर बरं झालं असतं बघा. हिला तरी कुठं कळायलंय."

मायाळू बाई होती ती. माझे केस विंचरून वेणी घालायची रोज. पण मी भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि ते वाक्य माझं होतं. अगदी शब्दाला शब्द नसेल, पण माझंच. मी ते एका डॉक्टरच्या खोलीत बोलले होते, माझी पोर दोन हातांच्या अंतरावर बिस्किट खात बसली असताना. मला कळत होतं सगळं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग तिला कळलं नसेल कशावरून? ती हट्टानं स्वयंपाकघरात यायची, ती कळत नाही म्हणून, की एकटीला चटईवर बसायचं नाही म्हणून? नऊ वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला आडवं पाडल्यावर आलं.

आणि मग सोमवार आठवला. दिवाळी झाली होती का? किती दिवस गेले होते? मला काही पत्ता नव्हता.

अर्धा तास

भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच. एकानं यायचं. नवरा रोज बाग सोडून यायचा, दाढी वाढलेली, डोळे लाल. त्या दिवशी आले ते स्टुलावर बसून स्वतःच सांगायला लागले. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, स्वतःचं घर सोडून आमच्याकडं येऊन राहिल्या होत्या. चंदा त्यांचं ऐकत नव्हती, आईला आण म्हणून ताट फेकत होती, पाळीत तर दोघींची मारामारी झाली होती. वन्संच्या हाताला चावली होती. सासूबाईंनी जेवण टाकलं होतं. "आता ह्या सोमवारी तेवढं उरकून टाकतो," ते म्हणाले. "तुझ्या डोक्याला ती एक काळजी नको."

मी डोळे दोनदा मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा. त्यांना वाटलं मी घाबरले. म्हणाले, भिऊ नगंस, भूल देणार हायती, तिला काय कळणार न्हाई. मी मिटत राहिले. मशीन वाजायला लागलं आणि त्यांना बाहेर काढलं. माझा संताप कुणाला सांगू? घरात ज्या बाईचा शब्द खाली पडत नव्हता, तिला एक "नको" म्हणता येत नव्हतं.

रेश्मा सिस्टरला कळलं की हे खाजेचं किंवा कुशीचं नाही. तिनं एक्स-रेच्या मोठ्या पाकिटावर पेननं अक्षरं लिहिली, ओळीनं, क-ची ओळ, च-ची ओळ, अशी. ती ओळीवर बोट ठेवायची, मी एकदा मिटले की त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर. पहिलं अक्षर च आलं तर म्हणाली, चहा? मावशी चहा न्हाई मिळणार हो. त्या अवस्थेतही मला हसू आलं असतं. "चंदाचं ऑपरेशन थांबवा" एवढं लिहायला तिच्या ड्युटीतून सापडेल तेवढा वेळ काढून दोन दिवस लागले. तिनं ते कागदावर उतरवून माझ्या उशाला ठेवलं. आणि मग मला म्हणाली, तुमची मुलगी बावीसची ना, मग तिला न विचारता कसं करतायत? मी पापणी मिटली नाही. हो-नाहीत त्याचं उत्तर नव्हतं. कायदासुद्धा तेच सांगतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. असं ऑपरेशन तिला समजावून सांगून, तिच्या राजीखुशीनंच करता येतं. आईबापाच्या सहीनं नाही.

शनिवारी नवऱ्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. मग त्यांचा आवाज चढला. "तूच तर तारीख घेतलीस. आता मी आईला काय सांगू? बहिणीला काय सांगू? हितं पडून हुकूम सोडायला काय जातंय तुझं?"

खरं होतं ते. मी सिस्टरकडं बघितलं, तिनं पाकीट धरलं. मी चुकले, एवढंच लिहिलं. नवऱ्याला उभं राहून एकेक अक्षर बघावं लागलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे दोन शब्द त्यांनी माझ्याकडून कधी ऐकले नव्हते. ते खाली बसले. हळू म्हणाले, "मग काय करू? तिला इचारू? तिला काय कळतंय, विमल?"

मी लिहिलं, मलापण कुणी विचारत नाही.

भेटायची वेळ संपत आली होती. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, तुझं पाय चोळू का? आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या अंगाचं काहीतरी मला विचारलं होतं. मी एकदा डोळे मिटले.

सोमवार

रविवारी बागेत कामगार होते म्हणून ते आले नाहीत, तसं त्यांनी फोन करून सिस्टरला कळवलं. सोमवारी पाच वाजले. साडेपाच वाजले. कुणी आलं नाही. फोनही आला नाही.

मी छताकडं बघत पडले होते. छताला चौकोनी ठोकळे होते, ते मी एवढे मोजले होते की आता मोजवेनात. डोळ्यापुढं चंदा दिसत होती, हिरव्या कपड्यात, स्ट्रेचरवर, दोन माणसं तिचे हात धरतायत. ती माझं नाव घेत असणार. मी तिला बडवत होते तेव्हाही ती मलाच हाक मारत होती, आई मारतीय म्हणून आईला हाक. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तरी णमोकार अर्ध्यात तुटत होता. त्या दिवशी मला मरावंसं वाटलं नाही, उलट उठून पळावं, नळ्या तोडून त्या तालुक्याच्या गावापर्यंत पळत जावं असं वाटत होतं. सबंध आजारात तो एक दिवस मला पुन्हा नको.

मंगळवारी पाचला नवरा आला आणि मागं चंदा. आयसीयूत दोघांना सोडत नाहीत. रेश्मा सिस्टरनं मोठ्या डॉक्टरांना काय सांगितलं ठाऊक नाही, पण सोडलं. चंदानं नवा ड्रेस घातला होता. नळ्या बघून ती दारातच थबकली, मग सरळ येऊन माझ्या पोटावर डोकं ठेवलं. मी डोळ्यांनीच नवऱ्याला विचारत होते. त्यांनी सांगितलं. सोमवारी ते तिला घेऊन दवाखान्यात गेले होते. सासूबाई आणि वन्सं बरोबर होत्या, त्यामुळं जावं लागलं. आत कपडे बदलायला नेणार एवढ्यात त्यांना खिशातला कागद आठवला. तिला बाहेर पायरीवर घेऊन बसले आणि जमेल तसं सांगितलं, की पोटातली पिशवी काढणार हायती, मग पाळी येणार न्हाई, करायचं का?

"काय म्हणली म्हाईत हाय?" त्यांनी चंदाच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणली, आई आली की आईला इचारून सांगते."

घरी

मी साडेतीन महिन्यांनी घरी आले. आवाज आधी घोगरा आला, मग हळूहळू सुधारला. वॉकर धरून पाच पावलं, मग दहा. फिजिओथेरपीवाला मुलगा म्हणायचा, काकू, हळू, घाई करू नका. मी त्याच्यावर खेकसायची. अजूनही डावा पाय ओढते. सासूबाई माझ्याशी धड बोलत नव्हत्या आणि त्यांचं मला वाईट वाटत होतं. त्यांच्या आयुष्यातलं एक पुण्य दोन घासांवर थांबलं होतं, ते दुःख खोटं नव्हतं. वन्संच्या हातावर दातांची खूण होती. पाळीचा प्रश्न आजही सुटला नाही. चंदाला आता महिन्याचा अंदाज येतो, पॅड तिचं ती बदलते, कधी विसरते. चटई मी काढून टाकली. त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही.

पण चंदानं मला विचारायचं ठेवलं होतं आणि ती विसरली नव्हती. आल्यापासून तीनदा म्हणाली, आई, पिशवी? मी टाळलं. चौथ्यांदा, बेदाणे निवडताना म्हणाली, तेव्हा मी वॉकर बाजूला ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. बसायलाच पाच मिनिटं लागली. पिशवी म्हणजे काय, तिथं बाळ राहतं, रक्त तिथून येतं, काढली तर काय, नाही काढली तर काय, सगळं सांगितलं. तिनं दाणे निवडणं थांबवलं.

"कोण म्हणलं काढा?"

मला डॉक्टरांचं नाव घेता आलं असतं. आजीचं घेता आलं असतं.

"मी," मी म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. मग विचारलं, "मला न विचारता?"

"व्हय. तुला न विचारता."

तिनं निवडलेले तिन्ही ढीग हातानं एक करून टाकले. उठली, तिच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. मी वॉकर धरून मागं गेले. आत येऊ का म्हणून विचारलं तर आतून आवाज आला, न्हाई. सासूबाई अंगणातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ढकल की, कडी कुठाय त्याला?" खरंच, त्या दाराला आतून कडीच नव्हती. आम्ही कधी बसवलीच नव्हती. तिला कशाला हवी, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी दार ढकललं नाही. भिंतीला टेकून उभी राहिले, पाय थरथरायला लागले तेव्हा नवऱ्यानं खुर्ची आणून दिली. तीन तास ती बाहेर आली नाही. आली ती जेवायला, आणि माझ्याशी बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं बाजारातून कडी आणली. सासूबाई म्हणत होत्या, आत अडकली तर काय करशील? ते स्क्रू आवळत राहिले. चंदा बाजूला उभी राहून बघत होती. झाल्यावर तिनं कडी चार-पाचदा लावून बघितली, काढून बघितली. मग आम्हा तिघांना हातानं बाहेर व्हा अशी खूण केली, दार लावलं आणि आतून कडी सरकवली.

"आई," ती आतून म्हणाली, "माझी पिशवी मला ठेवायची हाय. आता कुणी येऊ नका."

"बरं," मी म्हणाले.